कॅम सेन्सरच्या ‘टायमिंग सेटिंग’चे साडेसात हजार रुपये

माझ्या टर्बो पेट्रोल गाडीचा चढावर दम जाऊ लागला आणि चेक इंजिनचा दिवा लागला, तेव्हा पुण्यातील एका खासगी गॅरेजमध्ये स्कॅनरवर पी ००१६ हा दोष दाखवणारा कोड निघाला. क्रँकशाफ्ट (पिस्टनमुळे फिरणारा मुख्य दांडा) आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांच्या स्थितीचा मेळ बसत नाही, एवढाच या कोडचा अर्थ. तो का बसत नाही, हे शोधण्याचे काम मेकॅनिकचे असते. गॅरेजमालकांनी मात्र बॉनेट नीट उघडण्यापूर्वीच सांगून टाकले की, टर्बोच्या दाबाने कॅम सेन्सर, म्हणजे कॅमशाफ्टची स्थिती टिपणारा सेन्सर, ‘सरकला’ आहे, त्याचे टायमिंग नव्याने लावावे लागेल आणि त्याचे साडेसात हजार रुपये होतील. मी शंका काढल्यावर त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला, ज्यात एक अमेरिकी माणूस सेन्सर हाताने फिरवत व्होल्टमीटरवर लक्ष ठेवून होता.

व्हिडिओ खरा होता, पण दुसऱ्याच गाडीचा, हीच या फसवणुकीतील खुबी. १९८६-८७ च्या ब्यूक ग्रँड नॅशनल या अमेरिकी गाडीच्या ३.८ लिटर टर्बो व्ही-६ इंजिनात कॅम सेन्सर जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या (सिलिंडरांना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाच्या) जागी बसतो आणि तो खरोखरच फिरवून लावावा लागतो : पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वरच्या टोकाला आल्यानंतर क्रँक आणखी २५ अंश पुढे नेतात आणि व्होल्टेज जिथे एकदम पडते तिथे सेन्सर घट्ट करतात. माझ्या गाडीतील सेन्सर एका बोल्टने ठरलेल्या भोकात बसतो. तो फिरवण्यास जागाच नाही आणि टर्बोच्या दाबाशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

पैसे घेऊन गॅरेजमालकांनी प्रत्यक्षात फक्त कोड पुसला होता. कोड पुसला की दिवा विझतो, आणि अनेक गाड्यांत तोच दोष गाडीच्या एकाहून अधिक फेऱ्यांत पुन्हा आढळल्याशिवाय तो परत लागत नाही, त्यामुळे ग्राहक समाधानाने पैसे देऊन घरी जातो. शिवाय दोष उद्भवला त्या क्षणाची इंजिनाची गती, तापमान, भार अशी साठवलेली नोंदही त्याबरोबर पुसली जाते, म्हणजे पुढच्या मेकॅनिकच्या हाती काहीच उरत नाही. दिवा परत लागल्यावर मला नवा सेन्सर घेण्याचा सल्ला मिळाला.

दुसऱ्या वर्कशॉपमध्ये क्रँक आणि कॅम या दोन्ही सेन्सरांचे सिग्नल ऑसिलोस्कोपवर (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर) एकत्र पाहिले गेले. कॅमचा सिग्नल स्वच्छ होता, पण मागे पडत होता. क्रँक आणि कॅम यांना जोडणारी टायमिंग चेन ताणली गेली होती आणि ती ताठ ठेवणारा टेन्शनर जवळजवळ शेवटापर्यंत बाहेर आला होता. ‘सेटिंग’ झालेल्या सेन्सरच्या बोल्टवर धुळीचा जुना थर जसाच्या तसा होता, तो तेथील कारागिराने मला मुद्दाम दाखवला. साडेसात हजारांपेक्षा मला राग याचा आहे की, अशा स्थितीत चेन दातांवरून सुटली असती, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिनाच्या संपूर्ण हेडचे (वरच्या भागाचे) काम निघाले असते, आणि गाडी ठणठणीत असल्याची ग्वाही देऊन मला याच अवस्थेत महामार्गावर पाठवण्यात आले.

कोणी कॅम सेन्सरच्या टायमिंगचे पैसे मागितले, तर तो सेन्सर कोणत्या बाजूला आणि किती फिरतो, हे गाडीजवळ उभे राहून दाखवण्यास सांगावे, आणि कोड पुसण्यापूर्वी स्कॅनरच्या पडद्याचे छायाचित्र घ्यावे. बिलावर कामाचे नाव स्पष्ट लिहून घ्यावे. माझ्या बिलावर नुसते ‘इंजिन वर्क’ असे लिहिले असल्यामुळे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवताना नेमके कोणते काम झाले नाही, हेच आधी पटवून द्यावे लागले.