आठाचे चार होताना: सिलिंडर डीॲक्टिव्हेशनचा आठ महिन्यांचा अनुभव

५.७ लिटरचे व्ही-८ इंजिन असलेली ही गाडी मी आठ महिन्यांत सुमारे ११ हजार किलोमीटर चालवली आहे. इंजिनावर भार कमी असला की आठांपैकी चार सिलिंडर आपोआप विश्रांती घेतात. निम्मे सिलिंडर बंद म्हणजे निम्मे पेट्रोल, हा माझा सुरुवातीचा हिशेब मात्र साफ चुकला.

सपाट रस्त्यावर एका वेगाने जाण्यासाठी लागणारी शक्ती तेवढीच राहते, त्यामुळे चालू असलेल्या चौघांना जवळजवळ दुप्पट राबावे लागते. बचत होते ती वेगळ्याच ठिकाणी. एवढे मोठे इंजिन हलक्या कामावर असताना थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा पडदा, जेमतेम उघडलेला असतो आणि त्या फटीतून हवा ओढण्यातच पिस्टनची बरीच शक्ती वाया जाते. चारच सिलिंडर चालू असले, की तेवढ्याच कामासाठी थ्रॉटल अधिक उघडावा लागतो आणि ही ओढाताण कमी होते. बंद सिलिंडरांना पेट्रोल मिळत नाही, त्यांच्या झडपाही मिटलेल्या राहतात, आणि आत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी दाबली जाऊन बहुतेक शक्ती पिस्टनला परत करते.

डॅशबोर्डवरच्या आकड्यांवर माझा फारसा विश्वास नाही, म्हणून मी टाकी काठोकाठ भरून मोजले. माझ्या गाडीत मॅन्युअल गिअर निवडला, की ही यंत्रणा थांबते. त्याच रस्त्यावर ताशी ९० किलोमीटरने क्रूझ कंट्रोल लावून एकदा यंत्रणा थांबवून, एकदा चालू ठेवून गाडी चालवली, तेव्हा ॲव्हरेज अनुक्रमे लिटरला ९.६ आणि १०.३ किलोमीटर पडले. शहरातल्या थांबत-थांबत चालण्यात मला फरक जाणवलाच नाही.

कॅडिलॅकने १९८१ मध्ये व्ही८-६-४ इंजिनात हेच करून पाहिले होते, पण तेव्हाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा पुरी पडली नाही आणि अनेक मालकांनी ती बंदच करून टाकली. माझ्या गाडीत हा बदल डॅशबोर्डवरचा, चारच सिलिंडर चालू असल्याचे दाखवणारा दिवा पाहिल्याशिवाय सहसा कळत नाही; फक्त ताशी ६५ च्या आसपास, हलक्या चढावर, एक्झॉस्टचा आवाज घोगरा होतो आणि स्टिअरिंगला बारीक थरथर येते.

दिवा टिकवण्यासाठी हवा तो वेग गाठल्यावर पाय किंचित सैल करावा लागतो. झडपा उचलणाऱ्या लिफ्टरमधल्या खिळ्या ऑइलच्या दाबाने सरकतात आणि थंड ऑइल घट्ट असते, त्यामुळे इंजिन तापेपर्यंत यंत्रणा जागी होत नाही. याच कारणाने मी ऑइलचा ग्रेड पुस्तिकेत दिला आहे तोच वापरतो आणि ते मुदतीआधीच बदलतो.