सॉफ्ट म्युटेड रंग : आठ महिने वापरल्यानंतरचा माझा अनुभव, सांगलीतून

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी काळी चंद्रकळा नेसले होते, हौसेनं घेतलेली, आणि नंतर फोटो बघितले तर बाकी सगळ्याजणी मस्त दिसतायत आणि मी मात्र तापातून उठल्यासारखी. डोळ्याखाली काळं, ओठांच्या कडेला सावली. जाऊबाई म्हणाल्या, "रात्री झोपली नव्हतीस का गं?" झोप चांगली झाली होती. तिथून हे सॉफ्ट म्युटेड, म्हणजे भडक नसलेल्या दबक्या रंगांचं सुरू झालं, आता गणपती तोंडावर आलेत म्हणजे आठ महिने होत आले, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी मी कशी दिसते ते सांगते. गव्हाळ, पण पिवळट नाही आणि गुलाबी पण नाही, जरा हिरवट-करड्याकडं झुकणारी, ऑलिव्ह म्हणतात तशी. केस काळेभोर नाहीत, उन्हात तपकिरी दिसतात, डोळेही तसेच. फोनमध्ये स्वतःचा फोटो ब्लॅक अँड व्हाईट करून बघितला तर केस, चेहरा, डोळे यांच्यात फार अंतरच नाही, सगळं मधल्या करड्यात. धाकट्या बहिणीचा तसाच केला तर केस ठार काळे आणि चेहरा लख्ख, तिला काळं का शोभतं ते तिथंच कळलं. कातडी, केस, डोळे बघून माणसांचे बारा प्रकार पाडायचे आणि कुणाला कुठले रंग शोभतात ते ठरवायचं अशी एक बारा सीझनची पद्धत आहे, तिच्यात माझ्यासारख्यांना सॉफ्ट समर नाहीतर सॉफ्ट ऑटम म्हणतात. ही नावं परदेशातल्या ऋतूंवरून आलीयत, आपल्याकडं ऑटम म्हणजे डोळ्यासमोर काही येतच नाही, म्हणून मी नाव सोडलं आणि मुद्दा धरला. रंग कुठला, तो किती गडद आणि तो किती भडक, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. आपण लहानपणापासून फक्त "सावळीला हे नको, गोरीला काहीपण चालतं" एवढंच ऐकतो, माझी अडचण गोरं-सावळं नव्हतीच, भडकपणाची होती.

हे का होतं ते वाचल्यावर मला फार बरं वाटलं. फ्रान्समध्ये शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ गोबेलँच्या, म्हणजे भिंतीवरचे चित्रांचे पडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख होते, तिथं तक्रार होती की काळा रंग पुरेसा गडद येत नाही. त्यांनी तपासलं तर रंगात खोट नव्हतीच, शेजारी जे धागे होते त्यांच्यामुळं काळा फिका वाटत होता. १८३९ मध्ये त्यांनी हे सगळं मांडलं, की शेजारचा रंग दुसऱ्या रंगाला आपल्या विरुद्ध बाजूला ढकलतो. आता राणी कलरची विरुद्ध बाजू हिरवी, आणि माझी कातडी आधीच हिरवट, म्हणजे राणी ओढणी गळ्याशी आली की चेहरा आजारी दिसणार. इतकी वर्षं मला वाटायचं माझ्या चेहऱ्यातच काहीतरी कमी आहे.

तपासायची पद्धत सांगते. सकाळी नऊच्या सुमारास, थेट ऊन न येणाऱ्या खिडकीसमोर, तोंड धुऊन, काहीही न लावता, केस मागं बांधून, घरातल्या सगळ्या ओढण्या एकेक करून हनुवटीखाली धरायच्या आणि ओढणीकडं न बघता चेहऱ्याकडं बघायचं. ट्यूबच्या उजेडात करू नका, तो निळसर असतो. एका अ‍ॅपवर पण माझा सीझन कुठला ते बघायला मी तीन फोटो टाकले होते, तीन वेगळी उत्तरं आली, कारण फोन उजेड बघून फोटोतला रंग स्वतःच बदलतो.

मग हरभट रोडला खरेदीला गेले आणि काय मागायचं ते कळेना. म्युटेड म्हटलं तर कुणाला समजत नाही. शेवटी एका दुकानातल्या काकांनीच सांगितलं, "ताई, तुम्हाला इंग्लिश कलर पाहिजेत की." तेच! आयुष्यभर ज्या गठ्ठ्याला मी म्हातारे रंग म्हणून हात लावला नव्हता तोच माझा निघाला. शेवाळी, मातकट गुलाबी, अंजिरी, धुरकट निळा, बदामी, विटकरी त्यातल्या त्यात दबलेला. मी आता ओळखीच्या वस्तूंवरून लक्षात ठेवते: तासगावचा बेदाणा, ज्वारीचा वाळलेला कडबा, कृष्णेच्या घाटावरच्या दगडाचं शेवाळ, पावसाळ्यातलं नदीचं गढूळ पाणी. आपण हळदीच्या गावचे, पण हळदीचा पिवळा मला अजिबात चालत नाही. भाच्याच्या हळदीला जुन्या पितळेसारखा पिवळा कुर्ता घातला, चाललं.

कापडाला रंगाइतकंच महत्त्व आहे हे मला चौथ्या महिन्यात कळलं. तोच अंजिरी सॅटिनमध्ये घेतला तर चमकेमुळं भडक वाटला, सुती आणि टसरमध्ये शांत. धूपछाव साड्या तर खास आमच्यासाठीच असाव्यात, उभा धागा हिरवा आणि आडवा गुलाबी असला की दोघं मिळून एकमेकांचा भडकपणा मारतात आणि लांबून एक सुंदर धुरकट रंग दिसतो. आजीची डाळिंबी इरकल धुऊन धुऊन मऊ झालीय, रंग उतरलाय, ती मला नव्या साडीपेक्षा जास्त शोभते.

मेकअपमध्ये सगळ्यात जास्त पैसे न्यूड लिपस्टिकमध्ये वाया गेले. ट्यूबमध्ये छान वाटतात, पण बऱ्याच न्यूड शेडमध्ये पांढरा पिगमेंट भरपूर असतो, माझ्या ओठावर ते पीठ लावल्यासारखं दिसतं. आता खालच्या ओठाच्या आतला जो रंग आहे त्याच्यापेक्षा एक शेड गडद, गुलाबी आणि विटकरीच्या मधली, एवढंच वापरते, दुपारी पुसली गेली तरी विचित्र दिसत नाही. काजळ काळ्याऐवजी तपकिरी केलं, हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा फरक. टिकली लाल सोडून मरून. एका पार्लरमध्ये लग्नासाठी दोन शेड उजळ फाउंडेशन लावलं होतं, नको म्हटलं तरी, मान एक रंगाची आणि चेहरा दुसऱ्या, त्या फोटोंचं मला अजून वाईट वाटतं. आता फाउंडेशन जबड्याच्या कडेला लावून, दुकानाबाहेर येऊन बघितल्याशिवाय घेत नाही. मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांचा त्रास होत नाही, बारीक आहेत. झळझळीत पॉलिशच्या दागिन्यांपेक्षा मॅट बरे वाटतात.

तोटे पण आहेत. आई पहिल्यांदा म्हणाली, "अगं ही विटकी कशाला घेतलीस, दहादा धुतल्यासारखी दिसतीय." डोक्यापासून पायापर्यंत सगळं एकाच दबक्या रंगात घातलं तर खरंच मरगळ येते, त्यामुळं मी एक गडद गोष्ट ठेवते, आमसुली ब्लाऊज किंवा कॉफी रंगाची ओढणी. लग्नाच्या हॉलमध्ये भरजरी साड्यांत आपण मागं पडतोय असं पहिले दोन-तीन वेळा वाटलं. आणि ऑनलाईन हे रंग मागवणं म्हणजे डोकेदुखी, शेवाळी मागवला तर पोपटी आला, दोनदा परत केला.

चंद्रकळा टाकली नाही. ब्लाऊजचा गळा मोठा करून घेतलाय आणि काठाच्या जवळचा मातकट मरून रंग ब्लाऊजला घेतला, काळं चेहऱ्यापासून लांब गेलं की बरंच निभतं. गौरींच्या जेवणाला धूपछाव नेसणार आहे, फॉल लावायला टाकलीय.