शिफारशीचे कपाट आणि शेवटच्या पानावरचे शिक्के

मध्य रेल्वेवरच्या एका उपनगरात, स्थानकापासून सात-आठ मिनिटांच्या अंतरावर, जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर एक खासगी वाचनालय आहे आणि मी गेले अकरा महिने त्याची सभासद आहे. पुढे काही उणिवाही लिहायच्या असल्यामुळे वाचनालयाचे नाव देत नाही. त्या मी संचालकांच्या कानावर प्रत्यक्ष घातलेल्या आहेत. व्यवहार साधा आहे. अनामत पाचशे रुपये, महिन्याची वर्गणी दीडशे रुपये, एका वेळी दोन पुस्तके आणि एक मासिक. दिवाळी अंकांची वर्गणी निराळी. सोमवारी सुट्टी असते.

एवढ्यासाठी परीक्षण लिहायची गरज नव्हती. मी लिहिते आहे ते दाराच्या डाव्या हाताला असलेल्या पाच खणांच्या लोखंडी कपाटामुळे. त्याला सगळे 'शिफारशीचे कपाट' म्हणतात. त्यातल्या प्रत्येक पुस्तकात पोस्टकार्डाएवढी एक चिठ्ठी असते आणि ती वाचनालयाने नव्हे, कोणा सभासदाने लिहिलेली असते. नाव लिहायचे नाही, सभासद क्रमांक लिहायचा. उत्तरे तीनच प्रश्नांची द्यायची: हे पुस्तक का वाचावे, कोणत्या पानाशी थांबून पुन्हा मागे जावेसे वाटले, आणि हे पुस्तक कोणाला आवडणार नाही. चिठ्ठीचा खालचा अर्धा भाग कोरा सोडलेला असतो, म्हणजे पुढे पुस्तक नेणाऱ्याला आपले म्हणणे तिथे लिहिता येते.

तिसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. पुस्तकाची स्तुती कोणीही करतो. मलपृष्ठावर तर ती छापूनच येते. पण अमुक तऱ्हेच्या वाचकाने हे पुस्तक घेऊ नये, असे सांगायला शिफारस करणाऱ्याला स्वतःच्या आवडीच्या मर्यादा ठाऊक असाव्या लागतात. वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'मधली चिठ्ठी मी वहीत उतरवून घेतली आहे. निळ्या शाईत लिहिले होते की, ज्यांना अलंकारिक भाषेचा कंटाळा येतो, त्यांनी हे पुस्तक घेऊ नये. त्याखाली काळ्या शाईत दुसऱ्या सभासदाने लिहिले होते, "अलंकार सोसा, पण शर्मिष्ठेसाठी शेवटपर्यंत जा." आणि अगदी कडेला, जागा उरली नव्हती म्हणून आडव्या ओळीत, पेन्सिलीने: "देवयानीवर अन्याय झाला आहे." ही कादंबरी 1959 सालची. तिला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, पुढे खांडेकर ज्ञानपीठ मिळवणारे पहिले मराठी लेखक ठरले, आणि त्याच काळात त्यांच्या शैलीवर समीक्षकांनी कडाडून टीकाही केली. तो सगळा वाद ज्यांनी कधी वाचलेला नाही, अशा तीन माणसांनी एका चिठ्ठीवर तो आपल्या शब्दांत पुन्हा मांडला होता. चिठ्ठी वाचून मी पुस्तक घरी नेले आणि पेन्सिलवाल्या सभासदाशी सहमत होऊनच परत केले.

पुस्तके विकणारी संकेतस्थळेही शिफारस करतातच, पण एकदा रहस्यकथा विकत घेतली की महिनोन्महिने रहस्यकथाच समोर येत राहतात. इथे सभासद क्रमांक 212 ज्याची मनापासून स्तुती करतो, ते मला हमखास आवडत नाही, हे आता मला कळून चुकले आहे. त्या क्रमांकाची चिठ्ठी दिसली की मी पुस्तक शांतपणे जागेवर ठेवते. माझ्या दृष्टीने हाही त्या सभासदाचा माझ्यावर उपकारच आहे.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी साडेपाचला याच कपाटासमोर सतरंजी अंथरून चर्चा होते. प्रवेश विनामूल्य असतो आणि सभासद नसलेल्यांनाही येता येते. फेब्रुवारीतल्या बैठकीत यशस्वी लेखक कोणाला म्हणावे, असा विषय होता आणि ती बैठक मी विसरू शकणार नाही. बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी ठामपणे सांगितले की, जो वाचला जातो तो यशस्वी, बाकी सारे मनाचे समाधान. त्यांनी बाबूराव अर्नाळकरांचे उदाहरण दिले. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. काकांच्या वडिलांना वाचनाची गोडी लागली ती अर्नाळकरांच्या 'झुंजार' या नायकाच्या कथांमुळे. वडील दिवसभर कारखान्यात राबत आणि रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली ती पातळ पुस्तके वाचत, हे सांगताना काकांचा आवाज जड झाला. महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका बाईंनी त्यांना आदरानेच उत्तर दिले. त्यांचे म्हणणे असे की, 1963 साली 'कोसला' आली तेव्हा भालचंद्र नेमाडे पंचविशीचे होते, आणि त्या एका कादंबरीने पुढच्या कित्येक लेखकांच्या वाक्याची ठेवणच बदलून टाकली. अशा परिणामाचा हिशेब खपात मांडता येत नाही. मग जळगावकडच्या एका ताईंनी बहिणाबाईंचे नाव घेतले. बहिणाबाई 1951 च्या डिसेंबरात गेल्या आणि त्यांच्या कवितांचा संग्रह 1952 मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःचे पुस्तक त्यांना हातात धरायलाही मिळाले नाही. "मंग त्या यशस्वी व्हत्या का नव्हत्या, सांगा," असे ताईंनी विचारले, आणि काकांनी हात जोडले.

तोवर मागे बसलेला एक तरुण काहीच बोलला नव्हता. त्याची पहिली कादंबरी दोन वर्षांपूर्वी निघाली. पाचशे प्रती छापल्या आणि खर्चाचा मोठा वाटा त्यानेच उचलला. त्यांतल्या दोनशेच्या आसपास प्रती अजून घरी पलंगाखाली आहेत. माझे वाक्य वाचून कोणाची ठेवण बदललेली नाही आणि माझा खपही झालेला नाही, तर मी कोण, असे त्याने विचारले. प्रश्न खरा होता आणि थोडा वेळ कोणालाच काही सुचेना.

ग्रंथपाल बाई उठल्या आणि आतल्या दालनातून दोन पुस्तके घेऊन आल्या. पूर्वी प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर परतीच्या तारखांचा कागद चिकटवलेला असे, तो त्यांनी उघडून आमच्या हाती दिला. पहिले पुस्तक एके काळी अतिशय गाजलेल्या एका कादंबरीचे होते. जांभळ्या शिक्क्यांनी कागद दोन वर्षांतच भरला होता, त्यावर दुसरा कागद चिकटवलेला होता, तोही अर्ध्यापर्यंत दाटीवाटीने भरला होता आणि त्यानंतर, 1994 पासून, तो कोरा होता. दुसरे पुस्तक जी. ए. कुलकर्णींचे 'काजळमाया' होते. त्यावर कुठेही गर्दी नव्हती. 1989 मध्ये दोन शिक्के, 1990 मध्ये एक, पुढच्या वर्षी तीन. काही तिरके उमटलेले, काही इतके फिके की कागद उजेडात धरावा लागला. मात्र संगणक येईपर्यंतच्या सत्तावीस वर्षांत एकही वर्ष रिकामे नव्हते. बाई म्हणाल्या, "या पुस्तकाला मिळालेले अकादमीचे पारितोषिक जी.एं.नी परत केले होते. आज ते कितीजणांना माहीत असेल? पण वर्षाला एक-दोन माणसे येतात आणि हे पुस्तक मागून नेतात." तरुणाने तो कागद पुष्कळ वेळ हातात धरला होता.

खप आणि कस यांचा वाद आपल्याकडे बहुधा पुरस्कार आणि आवृत्त्या यांच्या आधारे चालतो. वाचकाने पुस्तक खरोखर घरी नेले की नाही, याचा पुरावा त्यात क्वचितच कोणी मागतो. या वाचनालयाकडे तो पुरावा आहे आणि तो सभासदांपुढे ठेवण्याची रीत आहे, म्हणून या सेवेला मी एरवीपेक्षा अधिक गुण देते. त्या तरुणाच्या कादंबरीची एक प्रत बाईंनी पूर्ण किंमत देऊन विकत घेतली, तिला दाखल क्रमांक दिला आणि ती कपाटात ठेवली. एप्रिलअखेर ती दोघांनी नेली होती. चिठ्ठीवर एकाने लिहिले आहे की तिसरे प्रकरण फार लांबले आहे, पण आजोबांच्या मृत्यूचे प्रकरण पुन्हा वाचले.

आता उणिवा. संगणक आल्यापासून तारखांचा कागद चिकटवणे बंद झाले, ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे, कारण गेल्या काही वर्षांतल्या पुस्तकांचा असा इतिहास सभासदाला दिसतच नाही. घरपोच सेवेने मला दोनदा निराश केले. मागितलेले पुस्तक बाहेर असले की न विचारता दुसरे पाठवले जाते, आणि ते दोन्ही वेळा यशाचा मंत्र सांगणारे अनुवादित पुस्तक निघाले. अनुवादही असा की वाक्य मराठीत उभेच राहत नव्हते. कवितासंग्रह अगदी खालच्या खणात आहेत, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या सभासदांना ते पाहताच येत नाहीत. शिफारशीच्या कपाटातही आठ-दहा क्रमांकच पुन्हा पुन्हा दिसतात. बैठकीत ज्येष्ठ मंडळी बोलतात, महाविद्यालयीन मुले ऐकतात. त्यांना आधी बोलू द्यावे, असे मी सुचवले आहे. इमारतीला उद्वाहन नाही, ही अडचण मात्र वाचनालयाच्या हातात नाही.

वर्गणी परवडणाऱ्या आणि महिन्याला निदान दोन पुस्तके वाचणाऱ्या कोणालाही मी आपल्या गावात असे वाचनालय शोधायला सांगेन. शोधताना पुस्तकांची संख्या विचारण्याआधी देवघेवीच्या टेबलाशी दहा मिनिटे उभे राहावे आणि पुस्तक परत करणाऱ्याला "कसे वाटले?" असे कोणी विचारते का, ते पाहावे. इथे विचारतात. उत्तर लांबले तर मागे रांग खोळंबते आणि रांगेतलेच कोणीतरी त्या उत्तरावर आपले मत देते.

तारखांच्या कागदाची मागणी आम्ही चौदा सभासदांनी लेखी दिली होती. गुढीपाडव्यापासून निदान शिफारशीच्या कपाटातल्या पुस्तकांना तो पुन्हा चिकटवायला सुरुवात झाली आहे. शिक्का जुनाच आहे, शाई मात्र नवी आणली आहे. परवा मी 'कोसला' पुन्हा वाचायला नेली, तेव्हा तिच्या कोऱ्या कागदावर पहिली तारीख माझ्या नावची पडली.