विश्रामबागेतले आमचे म्युच्युअल फंड वितरक

सांगलीत विश्रामबागेत एका जिन्याखालच्या छोट्या ऑफिसात आमचे वितरक बसतात. आमच्या घरातल्या सगळ्या एसआयपी, म्हणजे फंडात ठरावीक रक्कम नियमित गुंतवण्याच्या योजना, त्यांच्याकडेच आहेत. 2013 पासून वितरकाशिवाय थेट फंड कंपनीकडून घ्यायचे डायरेक्ट प्लॅन मिळतात, त्यांचा खर्चही कमी, मग वितरकामार्फतचे रेग्युलर प्लॅन घेऊन कमिशन कशाला देतेस, असं ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात. त्यांना मी मार्च 2020 सांगते.

23 मार्चला सेन्सेक्स 3,934 अंकांनी, म्हणजे 13 टक्क्यांहून जास्त कोसळला. सकाळीच लोअर सर्किट, म्हणजे घसरणीची ठरलेली मर्यादा, लागून व्यवहार 45 मिनिटं बंद होते. जानेवारीत 42,000 पाहिलेला निर्देशांक 26,000 च्या खाली आला. "सगळेच काढतायत वहिनी, उरलंय तेवढं तरी वाचवा," म्हणून दिरांचे फोनवर फोन. वितरकांचं ऑफिस बंद होतं. दुपारी त्यांनी व्हॉट्सअॅपवर फक्त एक फोटो पाठवला. खातं उघडताना त्यांनी भरून घेतलेला कागद होता तो. छापील प्रश्न: "बाजार 30 टक्के पडला तर मी काय करेन?" खाली माझ्या अक्षरात: "एसआयपी चालू ठेवेन. पैसे मुलीच्या कॉलेजसाठी आहेत, तिला अजून वेळ आहे."

घाबरलेल्या माणसाला तक्ते दाखवून उपयोग नसतो. तोटा फायद्यापेक्षा जास्त टोचतो, हे कानेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच मांडलंय. त्यात आजूबाजूचे पळायला लागले की आपलेही पाय उचलतात. अशा वेळी शांतपणे घेतलेला स्वतःचाच निर्णय कुणीतरी समोर धरावा लागतो. मी काहीच विकलं नाही. वर्षअखेरीला सेन्सेक्स 47,700 च्या वर होता. बाजार वर येईल असं आश्वासन मात्र त्यांनी एकदाही दिलं नव्हतं, आणि त्यांच्यावर माझा विश्वास आहे तो त्यामुळेच.

माझ्या सासऱ्यांकडे एका खासगी बँकेचे भाव पडलेले शेअर होते. "माझा खरेदीचा भाव आला की विकतो," हे त्यांचं ठरलेलं. वितरक शेअरचं काम करत नाहीत, तरी त्यांनी विचारलं, "काका, आज हातात रोख असती तर हाच शेअर घेतला असता का?" सासरे बराच वेळ बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी निम्मे विकले.

तक्रारी आहेत. स्टेटमेंट मागितल्याशिवाय येत नाही. डायरेक्ट प्लॅनचा विषय त्यांनी आपणहून काढायला हवा होता. मी विचारल्यावर मात्र दोन्हींच्या खर्चातला फरक कागदावर मांडून दाखवला.

पडत्या बाजारात ज्याचा हात विक्रीच्या बटणाकडे जात नाही, त्याने खुशाल डायरेक्ट घ्यावं. बाकीच्यांनी वितरक निवडताना परताव्याचं विचारण्याआधी, असा कागद भरून घेतात का, ते विचारावं. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.