महामार्गावरचा ‘थेट बागेतला’ हापूस: पैसे देण्याआधी हे वाचा

कोकणातून परतताना महामार्गाच्या कडेला ‘थेट बागेतून’ असा फलक बघून हापूस घेणार असाल, तर पाच मिनिटं काढून हे वाचा. आमचे चौदा हजार रुपये गेले. पैसे गेल्याचं वाईट वाटतंच, पण त्याहून जास्त संताप येतो तो ते देवगडच्या नावावर गेले याचा. देवगडच्या बागायतदाराला त्यातली दमडी मिळाली नाही. उलट ज्या नातेवाइकांना आम्ही त्या पेट्या दिल्या, ते आता म्हणतात, “देवगडला पूर्वीसारखी चव राहिली नाही हो.” ज्या माणसाने वर्षभर कलमं जपली, मोहोरावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं, त्याच्या नावाला असा बट्टा लागतो आणि त्याला ते कळतही नाही.

मे महिन्याचा पहिला आठवडा होता. रायगड जिल्ह्यात मुंबई-गोवा महामार्गालगत एक मोठा मांडव दिसला. नेहमीच्या ताडपत्रीच्या टपरीपेक्षा जरा नीटनेटका. पुढे कोकम सरबत, आमसुलं, फणसपोळी, काजूगर, कुळथाचं पीठ, आणि मागे लाकडी पेट्यांची थप्पी. मांडवामागे आठ-दहा आंब्याची झाडं, त्यांना फळंही लगडलेली. गल्ल्यावरचा माणूस अदबीने बोलणारा. “ताई, आमची मूळ बाग देवगडात, जामसंड्याला. ही इथली झाडं नंतर लावली. दलाल नको म्हणून आम्ही स्वतः विकतो.” मधूनच आतल्या पोराला मालवणीत हाक मारायचा. मुलांना झाडाखाली उभं करून फोटोही काढून दिले.

त्याने टोपलीतला एक आंबा घेतला, आमच्यासमोर कापला आणि फोडी हातावर ठेवल्या. तो आंबा अस्सल होता, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. केशरी गर, रेषा नावाला नाही, आणि वास असा की गाडीत बसलेले सासरे खाली उतरले. सगळी गोम तिथेच होती. चाखायचे आंबे टोपलीत, विकायचे पेटीत, आणि दोन्ही एकाच बागेतले असतील हे आपण गृहीत धरतो. पेटीतला आंबा कापा म्हटलं तर उत्तर तयार होतं: “पेटीतला अजून कच्चा आहे ताई, चार दिवसांनी तयार होईल. वाटेत तयार आंबा दिला तर घरी पोचेपर्यंत दबेल.” हे बोलणं खोटंही नव्हतं. प्रवासासाठी कच्चाच आंबा देतात. पाच डझनांची पेटी साडेतीन हजाराला, अशा चार घेतल्या. वरची पेटी त्याने उघडून दाखवली. वरच्या थरात एकसारखी, देठाशी छान खांदे भरलेली फळं आणि प्रत्येकावर ‘देवगड हापूस’ छापलेला गोल, सोनेरी काठाचा स्टिकर.

घरी आल्यावर पहिली पेटी रिकामी करून आंबे पेंढ्यात लावायला घेतले. वरच्या थराखाली फळ बदललं. लहान, खाली निमुळतं होत गेलेलं, सालीला जाड. काही फळं इतकी कोवळी की देठाजवळ खळगाच पडलेला नव्हता. साठ असायला हवेत तिथे चोपन्न निघाले. सर्वांत खाली पेंढ्याखाली रद्दी अंथरलेली होती. वरच्या थरात खोचलेला कागद मराठी वर्तमानपत्राचा होता, तळाचा कन्नड. नुसत्या रद्दीवरून आंब्याचं गाव ठरत नाही, रद्दी कुठूनही कुठेही जाते. पण चारही पेट्यांच्या तळाला कन्नड कागद निघाल्यावर शंकेला जागा उरली नाही.

आमच्या सोसायटीत माझ्या मैत्रिणीच्या आई राहतात, माहेर देवगड तालुक्यातलं पडेल. चार दिवसांनी आंबे पिवळे झाले तेव्हा मी दोन फळं त्यांच्याकडे घेऊन गेले. काकूंनी सुरी मागितलीच नाही. फळ देठाशी नाकाला लावलं, अंगठा सालीवरून फिरवला आणि म्हणाल्या, “गो, ह्यो आमचो आंबो न्हय.” मग कापून दाखवलं. गर फिकट पिवळा, कोयीजवळ जवळजवळ पांढरा, चव पाणचट आणि कडेला आंबट. बाहेरून मात्र सगळीकडे एकसारखा हळदीसारखा पिवळा.

त्यानंतर तासभर काकूंनी मला जे सांगितलं ते जमेल तसं इथे देते. देवगडचा हापूस पिकत आला की साल पातळ पडते आणि आणखी ठेवला तर तिला सुरकुत्या येतात. सुरकुतलेला आंबा खराब समजून लोक बाजूला काढतात, खरं तर तोच सर्वांत गोड. झाडावरून तो चौदा आणे झाल्यावर काढतात, म्हणजे साधारण ८५ टक्के पक्व. मग आढीत, भाताच्या पेंढ्यात, आठ-दहा दिवस मुरू देतात. रंग सगळीकडे एकदम चढत नाही. देठाकडे हिरवट छटा उरते आणि तेव्हाही घमघमाट सुटलेला असतो. आधी वास, मग रंग. ज्या आंब्याला झगझगीत रंग आहे आणि वास नाही, तो काकूंच्या मते घरात आणायचाच नाही.

एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली आणि ती मला महत्त्वाची वाटते. आंबा कापल्यावर आत कोयीजवळ पांढरट, स्पंजासारखा भाग निघाला तर त्याला साका म्हणतात. तो अस्सल हापुसातही निघतो आणि बाहेरून बागायतदारालाही कळत नाही. तेवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नका. चांगला विक्रेता असं फळ बदलून देतो.

आणि कर्नाटकातल्या आंब्यावरही राग काढू नका. तिथे हापुसाची कलमं आहेत, तिथले शेतकरीही मेहनत करतात आणि तो आंबा पुण्याच्या गुलटेकडीत, वाशीच्या बाजारात ‘कर्नाटक हापूस’ म्हणून उघड विकला जातो, देवगडच्या निम्म्याच्या आसपास भावात. तसा सांगून विकला तर कुणाची तक्रार नाही, आमरसाला आम्हीही आणला असता. गुन्हा आहे तो नाव बदलण्यात.

गुन्हा हा शब्द मी कायद्याच्या अर्थाने वापरते आहे. हापुसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ज्याला आपण जीआय म्हणतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्यासाठी ते आहे. म्हणजे रायगडच्या त्या माणसाने आपल्या मांडवामागच्या झाडांचा आंबा ‘रायगडचा हापूस’ म्हणून विकला असता तरी तो हक्काने मानांकनातलाच ठरला असता. दुसरीकडच्या मालावर हे नाव चिकटवणाऱ्याला १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्याखाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. मानांकन वापरणाऱ्या बागायतदाराची स्वतंत्र नोंदणी होते आणि त्याला प्रमाणपत्र मिळतं. ते बघायला मागा. खरा बागायतदार ते अभिमानाने दाखवतो, अनेकांनी तर चौकटीत लावून दुकानात टांगलेलं असतं. आमच्या माणसाकडे असं काही टांगलेलं नव्हतं.

स्टिकरचं काय? आमच्या फळांवरचे गोल स्टिकर नखाने अलगद निघत होते आणि तसेच्या तसे दुसऱ्या फळावर बसत होते. असले स्टिकर कुणीही गुंडाळीच्या गुंडाळी छापून घेऊ शकतो. देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून प्रत्येक फळासाठी वेगळ्या क्रमांकाचा स्टिकर आणला आहे, तो याच लबाडीवर तोडगा म्हणून. हा स्टिकर काढायला गेलं की फाटतो, पुन्हा लावता येत नाही, आणि त्यावरच्या क्रमांकाची फोनवरून खात्री करून घेता येते. देवगडचा म्हणून देवगडचा भाव मोजणार असाल तर हा स्टिकर बघा आणि तिथेच उभं राहून क्रमांक तपासा. तुम्ही फोन हातात घेतल्याबरोबर समोरचा माणूस भाव उतरवायला लागला, तर काय समजायचं ते समजा.

त्या हळदी रंगाबद्दलही लिहायला हवं, कारण हे आंबे आम्ही पाच वर्षांच्या मुलाला दिले होते. कोवळा आंबा लवकर पिवळा दिसावा म्हणून काही जण पेटीत कार्बाइडच्या पुड्या ठेवतात. कॅल्शियम कार्बाइडला ओल लागली की ॲसिटिलीन वायू सुटतो आणि त्यासोबत आर्सेनिक, फॉस्फरसचे अंशही येतात. फळं पिकवायला त्याचा वापर देशभर बंद आहे. आमच्या पेटीत पुडी सापडली नाही, त्यामुळे ते वापरलं होतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण तुम्हाला पेटीत राखाडी भुकटीची कागदी पुडी किंवा लसणासारखा उग्र दर्प आढळला तर ते फळ खाऊ नका. इथिलीन वायूच्या खोलीत पिकवलेल्या आंब्याला मात्र उगाच घाबरू नका. फळ स्वतःही तोच वायू सोडतं, आणि ठरलेल्या मर्यादेत, म्हणजे १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग), त्याचा वापर कायद्याला मान्य आहे.

मांडवातल्या इतर मालाचं थोडक्यात. काजूगर ‘आमच्या झाडांचे’ म्हणून घेतले होते, ते खवट निघाले. कोकणातल्या कारखान्यांत आफ्रिकेतून आलेली काजू बीही मोठ्या प्रमाणावर फोडली जाते, त्यामुळे कोकणात घेतलेला काजू कोकणातल्या झाडाचाच असतो असं नाही. आमसुलं चांगली होती. कुळथाचं पीठ ठीक.

आता व्यवहाराच्या गोष्टी. पेटी घेताना वरचा थर उचलायला सांगा, खालचा बघा, मोजून घ्या. पेटीच्या तळातलं एक फळ आपण निवडायचं आणि तेच कापायला लावायचं. कच्चं असलं तरी गराचा रंग थोडाफार कळतोच, आणि फळ कोवळं आहे का हे तर नक्की कळतं. त्या एका आंब्याचे पैसे द्यावे लागले तर द्या. बाग कुठल्या गावात, कुठल्या वाडीत, पेटी कधी भरली, हे विचारा. ज्याची स्वतःची बाग आहे तो या प्रश्नांनी चिडत नाही, उलट थांबवता थांबत नाही, यंदा मोहोर किती जळला इथपासून सुरू करतो. आमचा माणूस जामसंड्याच्या पुढे एक शब्द बोलला नव्हता. आणि पक्कं बिल मागा, ज्यावर नाव, पत्ता आणि ‘देवगड हापूस’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल. नुसतं ‘आंबा ४ पेटी’ असलेल्या चिठ्ठीचा पुढे काही उपयोग नाही.

हे मी अनुभवातून सांगते. आम्ही छापील कार्डावरच्या नंबरवर फोन केला. पहिल्यांदा “फोटो पाठवा, बघतो” असं उत्तर आलं, नंतर नंबर कायमचा बंद. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण विक्रेत्याचं नाव-पत्ता हवा म्हणाले. आमच्याकडे यूपीआयची नोंद होती आणि त्यात नाव दिसत होतं ते भलत्याच गावातल्या मोबाइल रिचार्जच्या दुकानाचं. पैसे पाठवताना फोनवर येणारं नाव आणि फलकावरचं नाव जुळत नसेल तर तिथेच थांबा, विचारा, पटलं नाही तर पेट्या खाली उतरवा. मुलांचे झाडाखालचे फोटो काढले होते, त्यात एका कोपऱ्यात फलक अर्धा आला आहे. आज आमच्या हाती असलेला तोच सर्वांत चांगला पुरावा आहे, म्हणून फलक, पेटी, स्टिकर यांचे फोटो मुद्दाम काढा.

पिकवण्यात काळंबेरं वाटत असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या टोल फ्री क्रमांकावर कळवता येतं. त्यासाठी फळं फेकून देऊ नका, न कापलेली दोन-चार ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगाची वाटही खुली आहे. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कोकणात खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील नेमण्याची सक्ती नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून ती घरबसल्या दाखल होते. मुदत दोन वर्षांची. आमच्या मुदतीला अजून अवकाश आहे. त्या रिचार्जच्या दुकानाचा पत्ता मिळवायचं काम चालू आहे, आणि तो मिळाला की पहिली तक्रार त्या नावाने जाईल.