गच्चीवरची मिरची: हायब्रीड, पुसा सदाबहार की घरचं बी?

ठाणे-नवी मुंबईत कुंडीत मिरची लावणाऱ्यांचं रडगाणं ठरलेलं: बोकड्या. पानं चुरडतात, झाड खुरटतं, फुलं गळतात. मग नर्सरीत 'व्हायरस रेझिस्टंट' छापलेलं हायब्रीडचं महाग पाकीट हातात येतं. घ्यायला हरकत नाही, पण कोणता व्हायरस, ते पाकिटावर आहे का बघा.

कारण एका रोगाचं जनुक दुसऱ्या रोगाला कामाचं नसतं. ११व्या गुणसूत्रावरचं 'एल' जनुक तंबाखू मोझॅकच्या कुळातले विषाणू अडवतं. विषाणू शिरला की तिथल्या पेशी स्वतःच मरतात आणि तो जागीच कोंडला जातो. पांढरी माशी आणते त्या लीफ कर्लला (पानं चुरडणाऱ्या विषाणूरोगाला) मात्र ते अडवत नाही. (मोझॅक तंबाखू मळलेल्या हातांनीही पसरतो, तेव्हा सोसायटीच्या माळीकाकांना आधी हात धुवायला सांगा.)

हायब्रीडची खरी ताकद अशी की प्रभावी जनुक एकाच पालकाकडून आलं तरी पुरतं, त्यामुळे वेगवेगळ्या रोगांची जनुकं एका बियाण्यात आणता येतात. पण त्याच फळातलं बी पुढच्या वर्षी पेरलंत, तर असं जनुक सरासरी चारातल्या एका रोपात नसतं. बटाट्याचा म्हणून ओळखला जाणारा वाय विषाणू मिरचीलाही लागतो, त्याच्याविरुद्धच्या 'पीव्हीआर' जनुकांची गोष्ट उलटी. विषाणूला वाढायला झाडाचंच एक प्रथिन लागतं. ते बदललं की त्याचं काम अडतं. हे जनुक अप्रभावी, म्हणून दोन्ही पालकांकडून यावं लागतं, आणि तसं आलं असेल तर घरच्या बियांतही टिकतं. यातलं काय आहे ते पाकिटावर सहसा छापलेलं नसतं.

पुसा सदाबहार हे दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचं सरळ, म्हणजे हायब्रीड नसलेलं वाण. मिरच्या झुपक्याने, वर तोंड करून लागतात. लीफ कर्ल ते सहन करतं. रोग लागणारच नाही असं नाही. बी धरता येतं, मात्र मधमाश्या शेजारच्या ढोबळीचा पराग आणून गोंधळ घालतात. कळ्या उमलण्याआधी एका फांदीवर मलमलची पिशवी बांधा.

स्वयंपाकघरातल्या लाल मिरचीचं बी? फुकट आहे, पेरून बघा. प्रतिकाराची हमी शून्य.

जुलैतल्या मर रोगासाठी वाण शोधत बसू नका. हा रोग आणणाऱ्या फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या जीवाला दाद न देणारी सीएम ३३४ ही मेक्सिकन मिरची प्रसिद्ध आहे, पण तिचा प्रतिकार अनेक जनुकांत विखुरलेला, त्यातला मोठा वाटा ५व्या गुणसूत्रावर. तो सगळा दुसऱ्या वाणात उतरवणं जिकिरीचं. पाणी साचू नये म्हणून कुंडीची भोकं मोकळी ठेवलीत तर जास्त फायदा.

माझं मत: खारघरच्या बाल्कनीत चार कुंड्या असतील तर सदाबहार. मुरबाड-शहापूरला अर्धा एकर करायचा असेल तर लीफ कर्लचं नाव स्पष्ट छापलेलं हायब्रीड, आणि दर हंगामाला नवं बियाणं.

पाकीट बदलण्याआधी चुरडलेलं पान उलटून बघा. कडा होडीसारख्या वर वळल्या असतील तर बहुधा फुलकिडे, खाली वळल्या असतील तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानांचा रस शोषणारी बारीक कीड). फुलकिड्यांना निंबोळी तेल, कोळ्यांना पाण्यात मिसळणारं गंधक. गंधक भर उन्हात मारू नका, पानं करपतात.