सहयोगी घटस्फोटाची सेवा : वकील बाद होण्याची अट नीट समजून घेऊन सही करा

अमेरिकेत आम्ही दोघांनी कोर्टात लढण्याऐवजी सहयोगी पद्धतीने घटस्फोट घेतला. वकील वेगवेगळे होते, बैठका मात्र चौघांच्या एकत्र होत. मी नेमलेल्या फर्मचे काम एकंदरीत चांगले होते. पण या सेवेचे मोल ज्या अटीवर ठरते, ती समजावून सांगण्यात फर्म कमी पडली.

बोलणी फिसकटून प्रकरण कोर्टात लढायला गेले, तर दोन्ही वकिलांना वकीलपत्र सोडावे लागते, अशी ती अट आहे. मिनियापोलिसचे वकील स्टुअर्ट वेब यांनी १९९० मध्ये फक्त तडजोडीपुरतेच काम घ्यायचे ठरवले, तिथून ही पद्धत सुरू झाली. तिचा उपयोग मी स्वतः अनुभवला. घराच्या वाटणीवरून बैठक तापली, तेव्हा कोणत्याही वकिलाने ‘मग कोर्टात भेटू’ असे म्हटले नाही. कारण कोर्टात गेल्यावर त्या दोघांचेही काम संपणार होते आणि आमच्या भांडणातून त्यांना आणखी फी मिळणार नव्हती.

तक्रार आहे ती पहिल्या भेटीविषयी. ‘मी तुमच्या वतीने लढू शकणार नाही’ एवढेच मला सांगण्यात आले. आमच्या राज्याने स्वीकारलेल्या २००९ च्या एकरूप सहयोगी कायद्यानुसार (राज्यांनी स्वीकारावा म्हणून तयार केलेला नमुना कायदा) त्या वकिलाबरोबर त्याची संपूर्ण फर्म बाद होते, हे मला कराराचा मसुदा घरी वाचताना कळले; तोवर वेळ आलीच तर शेजारच्या खोलीतील सहकारी प्रकरण हाती घेतील, असे मी धरून चालले होते. शिवाय कोणताही पक्ष कारण न देता ही प्रक्रिया थांबवू शकतो. म्हणजे ज्याच्या हाती पैसा जास्त आहे तो दुसऱ्याला नवा वकील शोधायला आणि नव्याने फी भरायला भाग पाडू शकतो, आणि हा धोका तर कोणी तोंडी सांगितलाच नाही.

ही उणीव मला किरकोळ वाटत नाही. २००७ मध्ये कोलोराडो बार असोसिएशनच्या नीती समितीने वकिलांनी समोरच्या पक्षकाराशी असा करार करण्यालाच हरकत घेतली होती. त्याच वर्षी अमेरिकन बार असोसिएशनने मात्र ही पद्धत मान्य केली, ती पक्षकाराने सर्व समजून दिलेल्या संमतीच्या आधारावर. मग ती समज देणे हे फर्मचे पहिले काम ठरते.

मी लेखी प्रश्न पाठवल्यावर मात्र उत्तरे सविस्तर आली. घरात कोणाच्या जिवाला धोका असेल आणि नवा वकील लगेच मिळत नसेल, तर तो येईपर्यंत जुना वकील तातडीचा आदेश मागू शकतो. तसेच झालेल्या समझोत्याला मंजुरी घेण्यासाठीही तो कोर्टात उभा राहू शकतो. आमच्या बाबतीत यातली दुसरी गोष्ट घडली. सगळी बोलणी संपल्यावर माझ्याच वकिलांनी समझोता मंजुरीसाठी कोर्टात सादर केला.